आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

संगणकावर काम चालू असता समोरची खिडकी एकाएकी नाहीशी व्हावी, तिच्याबरोबर तासाभराचे टंकलेखनही जावे आणि मागे उरावे ते केवळ पडद्यावरचे निसर्गचित्र, हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. वापरणारा तो यंत्राचा लहरीपणा म्हणून सोडून देतो. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्यास मात्र तसे सोडून देता येत नाही, व येऊही नये. बृहन्महाराष्ट्रातील आमच्या वाचककुटुंबांतून मुले, सुना, नातवंडे आता याच व्यवसायात आहेत. त्यांच्यासाठी, आणि ही मंडळी रात्री बारापर्यंत त्या पडद्यात काय शोधत असतात असे कोडे पडलेल्या वडीलधाऱ्यांसाठीही, या वेळचा विषय आम्ही निवडला आहे.

पडद्यावरचे बटण, यादी, मजकूर लिहिण्याची चौकट, वरखाली सरकणारी पट्टी, या प्रत्येकास या व्यवसायात 'विजेट' म्हणतात. शब्द तसा अर्थहीन आहे, आणि तो मुद्दामच तसा घेतला गेला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या 'अथेना' प्रकल्पात 'एक्स' या खिडकी-पद्धतीसाठी साधनसंच रचणाऱ्यांनी १९८८ साली याचे कारण लिहून ठेवले आहे; ते असे की, बाकीच्या सर्व प्रचलित शब्दांना भलतेच अर्थ चिकटलेले होते. अशा साधनसंचाबरोबर तयार विजेटे मिळतात. ती असंख्य लोकांच्या हातांखालून गेलेली असल्यामुळे सहसा दगा देत नाहीत. कोसळणे सुरू होते ते आपण स्वतःचे विजेट घडवावयास घेतो तेव्हा. आमचे स्पष्ट मत असे की, घडविल्या जाणाऱ्या अशा विजेटांपैकी निम्मी तरी घडविण्याचे कारण नसते; तयार यादीला थोडे रंगरूप दिले तरी भागते. परंतु तरुण हातांना हे सांगून उपयोग नाही, आणि उरलेल्या निम्म्यांची गरज खरोखरीच असते.

अशाच एका गरजेविषयी बडोद्याहून एका सेवानिवृत्त वाचकांचे पत्र आम्हांस आले. त्यांची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. घराजवळच्या एका लहान मराठी वाचनालयाच्या जुन्या दाखल-नोंदवह्यांना कसर लागलेली पाहून तिने ग्रंथसूचीचा प्रोग्रॅम लिहून दिला. भाषा सी-प्लस-प्लस आणि साधनसंच 'क्यूटी'. हा संच नॉर्वेतील हॉवर्ड नॉर्ड व आयरिक चेंब-एंग यांनी रचला आणि १९९५ साली तो प्रथम प्रसिद्ध झाला; चित्रपट पाहण्याचा 'व्हीएलसी' हा सर्वपरिचित प्रोग्रॅम बहुतेक संगणकांवर याच संचाच्या खिडक्या वापरतो. नातीने प्रत्येक पुस्तकासाठी एक कार्ड घडविले. डावीकडे मुखपृष्ठ, उजवीकडे नाव, लेखक व दाखल क्रमांक, कोपऱ्यात 'काढा' हे बटण. दुपारच्या वेळी दोन भगिनी हौसेने नोंदी भरू लागल्या. प्रोग्रॅम दिवसातून दोनतीनदा कोसळे, आणि बसल्या बैठकीतील सर्व नोंदी घेऊन कोसळे. त्या भगिनींची समजूत अशी झाली की, आपल्याच हाताला वळण नाही, आपणच काहीतरी चुकीचे दाबतो. एकीने येणेच थांबविले. येत्या सभेत पुन्हा वहीकडे वळण्याचा ठराव येणार आहे, असे आजोबांनी शेवटी लिहिले होते.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. वापरणाऱ्याने कोणतेही बटण, कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा दाबले, तरी प्रोग्रॅम कोसळता कामा नये. तो कोसळला तर दोष लिहिणाऱ्याचा. दाबणाऱ्याचा कधीच नव्हे. हे त्या दोघी भगिनींना कोणीतरी सांगावयास हवे होते.

आम्ही त्या मुलीस प्रथम कळविले ते दोष शोधण्याविषयी नव्हतेच. तिचा प्रोग्रॅम सर्व नोंदी स्मृतीत साठवून ठेवी व खिडकी बंद करताना एकदाच फाइलीत लिही. ती पद्धत बदलून 'एसक्यूलाइट' या लहानशा माहितीकोशात प्रत्येक नोंद तत्क्षणी कायम करावी, असे सुचविले. एका दिवसात हे झाले. प्रोग्रॅम पूर्वीइतकाच कोसळत राहिला, परंतु आता त्यात बुडत असे ती फार तर एक नोंद. दोष शोधावयास कधीकधी आठवडे लागतात. तोवर माणसांचे श्रम पणाला लावण्याचे कारण नाही.

त्यानंतरचे काम म्हणजे दोष हुकमी करणे. 'कधीकधी कोसळतो' या तक्रारीवर काहीच करता येत नाही. 'अमुक चार गोष्टी या क्रमाने केल्या की कोसळतो' येथवर पोचले की निम्मी वाट संपते. विंडोजवर अशा वेळी मागे राहणारा संकेतांक बहुधा एकच असतो: 'सी', त्यापुढे सहा शून्ये आणि शेवटी पाच. लिनक्सवर तोच प्रकार अकरा क्रमांकाचा संदेश म्हणून येतो. दोहोंचा अर्थ इतकाच की, प्रोग्रॅमने स्मृतीतील जी जागा त्याची नव्हे तिला हात लावला आणि कार्यप्रणालीने त्यास जागच्या जागी संपविले. कोठे संपला ते 'जीडीबी'सारखा दोषशोधक सांगतो. अमुक कार्याने तमुक कार्यास बोलाविले, त्याने आणखी कोणास, अशी उलट्या क्रमाने लागलेली ती ओळ असते. तिला आपण माग म्हणू. मागातील वरच्या दहावीस ओळी साधनसंचाच्या आतल्या असतात. नवशिका तेथेच अडकतो आणि क्यूटीतच दोष आहे असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्या ओलांडून आपल्या स्वतःच्या हस्ताक्षराची पहिली ओळ गाठावी.

नातीने माग काढला. तो तिच्या खिडकीचा आकार बदलणाऱ्या भागापाशी थांबत होता. खिडकी मोठी केली की प्रोग्रॅम कोसळे. नेहमी नव्हे, आठदहा वेळांतून एकदा. तिने तीन दिवस त्या भागातील वीस ओळी घोटून घोटून तपासल्या. त्यांत काहीही चूक नव्हती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ही म्हण जणू या धंद्यासाठीच जन्माला आली असावी.

खरी आग कोठे होती ते समजण्यासाठी पॉइंटर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. तो असतो निव्वळ पत्ता. स्मृतीतील अमुक क्रमांकाच्या घरात अमुक कार्ड राहते, एवढेच तो सांगतो. कार्ड नष्ट केले म्हणजे घर पाडले जात नाही. फक्त दप्तरी 'रिकामे' अशी नोंद होते. आधीच्या बिऱ्हाडाचे सामान आत तसेच पडून असते. नवा भाडेकरू येईपर्यंत जुन्या पत्त्यावर गेलेले पत्र बरोबर पोचल्यासारखेच वाटते. तो आला, की पत्र भलत्याच्या हाती पडते आणि अनर्थ ओढवतो. म्हणून तर हा दोष आठदहांतून एकदा दिसतो, आणि म्हणूनच तो जेथे घडला तेथे न दिसता भलतीकडे दिसतो. दोष शोधावा म्हणून मध्ये एखादी छापण्याची ओळ घातली, की घरांची मांडणी बदलते आणि दोष लपून बसतो.

शिळ्या पत्त्यांसाठी आता उत्तम साधने आहेत. लिनक्सवर २००२ पासून 'व्हॅलग्रिंड' आहे; ते प्रोग्रॅमची गती दहा ते पन्नास पटींनी मंदावते, तरी धीर धरणाऱ्यास खरे सांगते. त्याहून जलद म्हणजे गूगलच्या अभियंत्यांनी २०१२ साली मांडलेले 'ॲड्रेस सॅनिटायझर'. कंपायलरला एक विकल्प दिला की ते प्रोग्रॅममध्ये विणले जाते, आणि गती साधारण निम्म्यावर येते. रिकामी झालेली घरे ते लगेच भाड्याने देत नाही, काही काळ कुलूप लावून ठेवते, आणि त्या कुलपास कोणी हात लावला की तत्क्षणी ओरडते. त्याच्या अहवालात तीन माग असतात: आता हात कोणी लावला, घर रिकामे कोणी केले, आणि मुळात ते बांधले कोणी. आम्ही नातीस सांगितले की, पहिला माग वाचून थांबू नकोस, दुसरा वाच.

दुसऱ्या मागात 'काढा' हे बटण होते. पाच मिनिटांपूर्वी कोणीतरी एक पुस्तक यादीतून काढले होते. परंतु त्यापूर्वी तेच पुस्तक निवडलेले होते, आणि मुख्य खिडकीने 'सध्या निवडलेले कार्ड' म्हणून त्याचा पत्ता जवळ बाळगला होता. कार्ड गेले, पत्ता राहिला. खिडकी मोठी करताना निवडलेले कार्ड मध्यभागी आणावे, या सद्हेतूने तिने त्या शिळ्या पत्त्यावर थाप मारली. क्यूटीत यासाठी 'क्यू-पॉइंटर' नावाचा राखणदार पत्ता आहे. त्याचे विजेट नष्ट झाले की तो आपोआप रिकामा होतो. साध्या पॉइंटरच्या जागी तो घातला आणि 'रिकामा नसेल तरच' अशी एक अट लिहिली, की काम झाले.

सॅनिटायझर साधारणतः पहिल्या दोषापाशीच थांबतो, म्हणून तो पुन्हा चालविला. या वेळी 'काढा' या बटणातच दुसरा दोष निघाला, आणि स्वतःचे विजेट घडविणाऱ्यांत तो इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबावेसे वाटते. बटण कार्डाच्या आत आहे. ते दाबताच बोलावलेले कार्य कार्ड नष्ट करते. कार्डाबरोबर त्यातील बटणही जाते. परंतु ते कार्य संपल्यावर नियंत्रण परत जाते कोठे? बटणाकडेच, कारण 'दाब सुटला' ही घटना हाताळण्याचे त्याचे काम अजून पुरे झालेले नसते. मेलेले बटण उरलेले काम करू लागते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्याचाच हा प्रकार. यावरील उपाय क्यूटीने 'डिलीट-लेटर' या नावाने ठेवला आहे. कार्ड ताबडतोब लपवावे आणि नष्ट करण्याची केवळ चिठ्ठी ठेवावी. हाती असलेल्या घटनेचे काम आटोपून नियंत्रण घटनाचक्राकडे परतले म्हणजे त्या चिठ्ठीची अंमलबजावणी होते. तोवर बटणाचे काम संपलेले असते.

या दोन्ही दोषांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: ही वस्तू कोणाच्या मालकीची, आणि किती काळ? क्यूटीची व्यवस्था एकत्र कुटुंबासारखी आहे. प्रत्येक विजेटास एक पालक असतो, आणि पालक जाताना आपल्या सर्व अपत्यांना बरोबर नेतो. सोय मोठी आहे, परंतु तिचे नियम पाळावे लागतात. क्यूटीच्या अधिकृत माहितीपुस्तकातच एक नमुना दिलेला आहे. आधी बटण जाहीर केले, मग खिडकी जाहीर केली, मग बटण त्या खिडकीच्या पदरी घातले. सी-प्लस-प्लस अशा वस्तू उलट्या क्रमाने नष्ट करते. म्हणून आधी खिडकी जाते, जाताना बटणास नेते, आणि मग भाषा त्याच बटणास दुसऱ्यांदा नष्ट करावयास जाते. दोन ओळींची अदलाबदल केली की प्रश्न मिटतो. चार ओळींचा हा नमुना प्रत्येक शिकाऊ प्रोग्रॅमरने एकदा स्वतः कोसळवून पाहावा.

इंग्लंडचे संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल-डब्ल्यू या भाषेत रिकाम्या पत्त्याची कल्पना आणली, आणि २००९ मध्ये एका व्याख्यानात तिला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले. थोरांविषयी आदर राखून आम्हांस वाटते की, रिकामा पत्ता त्यातल्या त्यात प्रामाणिक. तो पहिल्याच थापेला कोसळतो व आपली जागा दाखवितो. शिळा पत्ता पाच मिनिटे गोड बोलतो.

बडोद्याच्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक दोष निघाला आणि तो आपणां मराठी मंडळींच्या जिव्हाळ्याचा आहे. नातीने वसतिगृहात प्रोग्रॅम तपासला तेव्हा शंभरेक इंग्रजी पुस्तकांची नावे घातली होती आणि तो एकदाही कोसळला नव्हता. वाचनालयात मराठी नावे येताच तो कोसळू लागला. कार्डावर न मावणारे लांब नाव कापून पुढे तीन टिंबे देण्याचे काम तिने स्वतः लिहिले होते. 'ग्रंथालय' हा शब्द घ्या. डोळ्यांस अक्षरे दिसतात चार: ग्रं, था, ल, य. युनिकोडमध्ये मात्र चिन्हे असतात आठ: ग, पाय मोडण्याची खूण, र, अनुस्वार, थ, काना, ल, य. नातीच्या कार्डात रुंदीचा तक्ता दिसणाऱ्या अक्षरांइतका होता आणि मोजणारा फेरा चिन्हांइतका. चार घरांच्या तक्त्यात पाचवे घर वाचावयास जाणे हीच परक्या जागेतील थाप. इंग्रजीत अक्षर आणि चिन्ह सहसा एकास एक असल्याने हा दोष तेथे दिसणेच शक्य नव्हते. यावर आमचा सल्ला असा की, देवनागरी मजकूर मोजण्याचे व आखण्याचे काम स्वतः करूच नये. नाव कापून टिंबे देण्यास क्यूटीत 'एलायडेड-टेक्स्ट' आहे, ओळी मांडण्यास 'टेक्स्ट-लेआउट' आहे. जोडाक्षरे, ऱ्हस्व वेलांटी, रफार यांची व्यवस्था तेथे अनेकांनी वर्षे खर्चून केलेली आहे.

मातब्बरांनाही हे प्रकरण जड गेले आहे. मे २०१५ मध्ये एक विचित्र संदेश आला की आयफोन बंद पडून पुन्हा सुरू होई. त्या संदेशात अरबी व चिनी अक्षरांबरोबर आपल्या देवनागरीतील 'ॡ' या स्वराची मात्राही होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील 'ज्ञा' या अक्षराने, त्यात जोड रोखणारे एक अदृश्य चिन्ह आले असता, आयफोनवरील व मॅक संगणकांवरील प्रोग्रॅम धडाधड कोसळू लागले. शोध घेतल्यावर दिसून आले की, त्या अदृश्य चिन्हाच्या संगतीने बंगालीतील व देवनागरीतील काही जोडाक्षरे, उदाहरणार्थ शेवटी र जोडलेली, तोच प्रताप करीत. अॅपलने त्याच महिन्याच्या १९ तारखेस दुरुस्ती काढली. हैदराबादच्या आमच्या वाचकांना तो आठवडा आठवत असेल. आपल्या लिपीची नावे घालून प्रोग्रॅम तपासणे हा भाषाभिमानाचा नव्हे, साध्या कारागिरीचा भाग आहे.

आता इतर कारणे थोडक्यात. मुखपृष्ठांची चित्रे फाइलींतून आणण्यास वेळ लागतो, म्हणून ते काम वेगळ्या धाग्याकडे सोपविले जाते. तेथवर ठीक, परंतु त्या धाग्याने परस्पर कार्डावर चित्र चिकटविले की कोसळण्यास मुहूर्त लागत नाही. विजेटांना हात लावण्याचा अधिकार मुख्य धाग्याचाच. सन कंपनीचे ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली याचे कारण छान विशद केले होते: प्रोग्रॅमची आज्ञा वरून खाली जाते, माणसाच्या कळफलकाची व माउसची घटना खालून वर येते, आणि दोघांनी वाटेतली कुलपे उलट क्रमाने लावली की दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतात. म्हणून दुय्यम धाग्याने चित्र तयार करून केवळ निरोप धाडावा, आणि निरोपात कार्डाचा पत्ता न देता दाखल क्रमांक द्यावा. निरोप पोचेपर्यंत कार्ड काढले गेलेले असू शकते.

विजेट रंगविणाऱ्या कार्यातूनच 'पुन्हा लगेच रंगव' अशी आज्ञा दिली तर ते स्वतःस अनंत काळ बोलावीत राहते. याचे निदान सोपे. मागात एकच नाव शेकडो ओळी खाली खाली छापलेले दिसते. पायथॉनमधून क्यूटी वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, 'पाय-क्यूटी'च्या २०१५ सालच्या ५.५ आवृत्तीपासून, कळ दाबल्यावर चालणाऱ्या कार्यात न हाताळलेला अपवाद उद्भवला तर प्रोग्रॅम सरळ संपविला जातो. चिन्हावर दोनदा टिचकी मारून तो चालविला तर काहीच कळत नाही. तोच आज्ञापटावरून चालविला तर चूक कोणत्या ओळीवर झाली ते तेथे स्वच्छ छापलेले असते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यानेच निकालात निघतात.

या विषयावर ज्यांना लिहावयाचे असेल त्यांनी कार्यप्रणाली, कंपायलर व साधनसंच यांच्या आवृत्त्या कळवाव्यात, संपूर्ण माग पाठवावा, आणि आपल्या प्रोग्रॅममधून अनावश्यक भाग एकेक काढीत, तरीही कोसळणारा जो लहानात लहान नमुना उरेल तो जोडावा. तो नमुना तयार करता करताच निम्म्या मंडळींना उत्तर सापडते व पत्र पाठविण्याचे राहून जाते. त्याचे आम्हांस वाईट वाटत नाही. पडद्याचे छायाचित्र मात्र पाठवू नये. त्यावरून ओळी पुन्हा टंकित कराव्या लागतात, आणि आमचे डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.